‘डिजिटल अटक’ आणि आमची आत्या

गेल्या आठवड्यात आत्याला व्हिडीओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. ‘तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल पकडलंय, फोन ठेवायचा नाही!’ दाराला कडी लावून ती दोन तास बसून होती. दूध करपल्याचा वास शेजारणीला आला, म्हणून तिची मुदतठेव वाचली. अशी व्हिडीओ कॉलवरून होणारी ‘डिजिटल अटक’ हा प्रकार कायद्यातच नाही. पण आयुष्यभर पोलिसांना घाबरलेल्या बाईला हे सांगणार कोण? बँकेचे सावधगिरीचे एसएमएस तर इंग्रजीत येतात! आता फ्रिजवर ठळक अक्षरांत १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लिहून चिकटवलंय. पैसे गेलेच तर तिथे जितक्या लवकर कळवाल, तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ठेव मोडायला एकट्या आलेल्या वृद्धांना काउंटरवरच दोन प्रश्न मराठीत विचारावेत, एवढी बँकांना विनंती.

– एक वाचक, सांगली