बेल्ट सीटखाली दाबून ठेवलाय, तो आधी वर काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर दोन पत्रं आली. एकाने लिहिलं बसमधे प्रत्येक प्रवाशाला सीटबेल्टची सक्ती करा, दुसऱ्याने लिहिलं की इथे खेड्यातल्या माणसाला टेकायला जागा मिळत नाही आणि तुम्ही बेल्ट कसले बांधताय. मला तर दोघांचं पटलं, फक्त दोघं वेगवेगळ्या गाडीबद्दल बोलतायत एवढंच. मी २९ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन चोपड्याला घरी असतो, हे मोबाईलवर टाईप करतोय तर चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी आमच्या लाल गाडीचं सांगतो. सकाळची यावल फेरी घ्या, अडावद, धानोरा, किनगाव, सगळीकडून कॉलेजची पोरं, मधे दुधाच्या कॅना, केळीच्या बागेत कामाला निघालेल्या बाया, जितके बसलेले जवळपास तितके उभे, आणि मी त्यांच्यातून अंग चोरत तिकिटं फाडत "चला पुढे सरका, मधे जागा आहे" करत जायचो. यात बेल्ट बांधणार कोणाला? बसलेल्याला बांधला तर उभ्याचं काय, आणि कंडक्टर बांधून बसला तर तिकिटं कोण काढणार. परवा आमच्या गल्लीतल्या मावशीला ते सक्तीवालं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणे, "कसाले बांधतस भो, मी काय गाय शे का?"

बरं कायद्यालाही हे माहीत आहे. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यातलं कलम १९४ ब, ज्यात बेल्टसाठी १००० रुपये दंड आहे, त्यातच लिहिलंय की उभे प्रवासी नेणाऱ्या किंवा ठरावीक प्रकारच्या गाड्यांना राज्य सरकार अधिसूचना काढून यातून वगळू शकतं. म्हणजे गावच्या फेरीला बेल्ट कसा लावणार हा प्रश्न दिल्लीत बसलेल्यांनाही पडला होता. युरोपातही २००६ पासून ज्या बसमधे बेल्ट बसवलेला आहे तिथे तो लावणं सक्तीचं आहे, पण शहरात उभ्याने माणसं नेणाऱ्या बसला ती सक्ती नाही. मग लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आपण का बोलत नाही?

पण म्हणून बेल्ट म्हणजे शहरी लोकांचं फॅड असंही नाही, कारण एक गोष्ट मी विसरू शकत नाही. किनगावच्या अलीकडे एकदा अचानक वासरू आडवं आलं, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, गाडी तेव्हा फार तर चाळीसला असेल, वासरू वाचलं, गाडीला ओरखडा नाही, कोणाची चूक म्हणायची. पण तिसऱ्या रांगेतल्या एका बाईचं तोंड पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आदळलं आणि समोरचे दोन दात पडले. रक्त पुसायला मी रुमाल दिला तर ती रुमाल घेईना, आधी खाली वाकून दात शोधायला लागली, एक सापडला, तो तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतला आणि मग रुमाल घेतला. दुसरा दात डेपोत गाडी झाडणाऱ्याला मिळाला असेल. चाळीसच्या स्पीडला हे. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर (वेग अडवणारं यंत्र) असतो तो ८० चा, आणि रात्री दोन वाजता माणूस झोपेत सैल पडलेला असतो, दांडी पकडायलाही हात वर येत नाही.

आता त्या गाडीचं. फेब्रुवारीत लेकीकडे पुण्याला गेलो, रात्रीची ट्रॅव्हल्स, कंपनीचं नाव घेत नाही. सीट नंबर ११. बसल्या बसल्या सवयीने हात घातला तर बेल्टचा एक पट्टा सीटच्या कव्हरखाली गाठ मारून कोंबलेला, बकल दोन सीटच्या फटीत, त्यात चॉकलेटचा कागद चिकटलेला. अर्धा तास झटापट केली, लळिंग घाट गेला तरी ते बकल निघेना, शेजारचा पोरगा हेडफोन काढून बघायला लागला की काका करतायत काय. क्लीनरला विचारलं तर म्हणाला, "काका ते कोणी लावत नाही, पायात अडकतात म्हणून आत दाबून ठेवलेत." एक पट्टा वर काढला, दुसरा शेवटपर्यंत निघाला नाही, आणि अर्ध्या बेल्टने काही होत नाही हे सांगायला नकोच.

लोकांना वाटतं बस एवढी मोठी, आपल्याला काय होतंय. ते अर्धं खरं आहे, बसने छोट्या गाडीला धडक दिली तर बसमधल्याला फार तर हिसका बसतो, कारण वजन आपलं जास्त. खरा धोका बस कलंडते तेव्हा असतो, अख्खी गाडी आडवी होते, इकडची माणसं तिकडच्यांवर पडतात, काच फुटली की माणूस बाहेर आणि त्याच्यावर गाडी. बेल्ट सगळ्यात जास्त कामाचा तिथे, माणसाला सीटवर धरून ठेवायला. ऑक्टोबर २०२० मधे आपल्या कोंडाईबारी घाटात सुरतकडे जाणारी ट्रॅव्हल्स पहाटे पुलावरून खाली गेली, ५ जण गेले, गाडीतले बहुतेक झोपेत होते. तो रस्ता आपल्या लोकांचा रोजचा आहे, निम्मं खान्देश कामाधंद्याला सुरतला असतं.

यावर लोक लगेच म्हणतात की आग लागली तर? पाण्यात पडली तर? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एसटी खलघाटला नर्मदेत गेली, ड्रायव्हर कंडक्टर धरून १२ जण गेले, आमच्या धंद्यातल्या माणसाने ती बातमी कशी वाचली असेल ते सांगत नाही. तिथे बेल्टने कोण वाचलं असतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ गेले, ८ वाचले, त्यातले काही काच फोडून बाहेर आले. पण मला एवढंच म्हणायचंय, काच फोडायला माणूस आधी शुद्धीवर पाहिजे, हातपाय धड पाहिजेत. डोकं आपटून बेशुद्ध पडलेला माणूस बेल्ट नसला तरी बाहेर येत नाही. म्हणून बेल्टबरोबर काच फोडायची हातोडी जागेवर पाहिजे, मागचा इमर्जन्सी दरवाजा उघडता आला पाहिजे, तिथे कुरिअरची खोकी रचलेली नकोत. (ही खोकी मी स्वतः पाहिली, त्याच गाडीत.)

स्लीपरचं तर बोलायलाच नको, आडव्या माणसाला बांधायचं कसं. चीनने २०१२ पासून नव्या स्लीपर बस बंदच केल्या, आपल्याकडे सणासुदीला एका बर्थवर नवरा बायको आणि मधे लेकरू.

तर माझी मागणी सरळ आहे. गावच्या फेरीला हात लावू नका. ज्या गाडीत कोणी उभं राहत नाही, जी रात्रीची हायवेने जाते, तिथे बेल्ट चालू पाहिजे, गाडी सुटण्याआधी क्लीनरने एकदा फिरून बघितलं पाहिजे, आणि बेल्ट कोंबलेला सापडला तर दंड मालकाला, सीटवरच्या माणसाला नाही, कारण नसलेला बेल्ट तो लावणार कुठून. वगळलेल्या गाड्या कोणत्या आणि न वगळलेल्या कोणत्या हे आरटीओने स्टँडवर मोठ्या अक्षरात लावावं. फिटनेसच्या वेळी टायर बघता तसं दहा बकल लावून बघा, दोन मिनिटं लागत नाहीत.

पुण्याहून परत यायला त्याच ट्रॅव्हल्सला फोन केला आणि विचारलं, बेल्ट चालू आहेत का. तिकडून पोरगी म्हणाली, "काका चार्जिंग आहे, वायफाय आहे, पाण्याची बाटली आहे, बेल्टचं मी विचारून सांगते." फोन काही आला नाही. मी पुन्हा ११ नंबरच मागितली, नशिबाने तीच गाडी आली तर तिथला एक पट्टा मी वर काढून ठेवलेला आहे.

आपला,
एक रिटायर्ड कंडक्टर
चोपडा, जि. जळगाव