डॉक्टरांची गुरुवारची नेत्रतपासणी पुढे चालवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन आता वर्ष होत आले. त्यांच्यामागे गुरुवारची मोफत तपासणी बंद पडेल, अशी धास्ती अनेकांना होती. ती बंद पडलेली नाही. बाहेरगावचे दोन नेत्रतज्ज्ञ आळीपाळीने येतात, बाकीची धावपळ आपल्यातलीच तरुण मुले-मुली करतात. पण उपकरणे जुनी झाली आहेत आणि रांग मात्र तेवढीच आहे. म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या वतीने हे आवाहन करीत आहोत.

या पत्रकात डॉक्टरांचे नाव दिलेले नाही, ते त्यांच्याच इच्छेनुसार. आपल्या नावाची पाटी, पुतळा, पुरस्कार यांपैकी काहीही नको, असे त्यांनी घरच्यांना आणि आम्हालाही निक्षून सांगितले होते. दृष्टी देणारा देव, आपण फक्त हात, ही त्यांची धारणा होती आणि ते तसेच जगले. पहाटेची पूजा झाल्याशिवाय त्यांनी कधी दवाखाना उघडला नाही. शस्त्रक्रियेआधी हात धुऊन झाले की क्षणभर डोळे मिटून उभे राहत. टेबलावरच्या माणसालाही सांगत, तुमचा जो कोणी देव असेल त्याचे नाव घ्या. तो कोणता, हे त्यांनी कुणाला विचारले नाही. देवाला मानणारा हा माणूस औषधाच्या बाबतीत मात्र फार कडक होता. श्रद्धा ठेवा आणि थेंबही वेळेवर घाला, दोन्ही करा, असे ते बजावत. कुणी डोळ्यात मध किंवा पाल्याचा रस घालून आले, की त्यांचा आवाज चढलेला बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येई.

त्यांनी उमेदवारी केली तेव्हा मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबावे लागे. मग आवरणासकट सगळे भिंग काढायचे, टाके घालायचे आणि रुग्णाला डोके न हलवता पाठीवर पडून राहायला सांगायचे. पट्टी सुटली की आयुष्यभरासाठी जाड भिंगांचा चष्मा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 साली केली होती, पण ती पद्धत छोट्या गावांपर्यंत पोहोचायला कित्येक दशके गेली. आपल्या डॉक्टरांनी ती उतारवयाकडे झुकल्यावर, स्वतःपेक्षा लहान असलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली उभे राहून शिकून घेतली. मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींचे उदाहरण ते नेहमी देत. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असूनही ते डोळ्यांचे शल्यविशारद झाले आणि निवृत्तीनंतर, 1976 साली, अवघ्या 11 खाटांवर त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेही अतिशय भाविक होते. त्यांच्याबद्दल बोलताना आपले डॉक्टर हळवे होत.

तरीही आमच्या मते डॉक्टरांचे सर्वांत मोठे काम शस्त्रक्रियेचे नव्हते. ते काम त्यांच्या टेबलाच्या खणातल्या वहीत होते. त्या वहीत काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाची नोंद असे. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, समोरचे स्वच्छ दिसते, आणि कडेची नजर गुपचूप कमी होत जाते. त्यामुळे लोक थेंब अर्ध्यावर सोडतात. डॉक्टर ते सोडू देत नसत. तारीख चुकली की निरोप जाई, दुसऱ्यांदा चुकली की संध्याकाळी ते स्वतः दारात उभे राहत. या एका वहीमुळे किती जणांची नजर शाबूत राहिली, ते त्या घरांनाच ठाऊक.

ती वही पुढे चालू ठेवायला आम्हाला माणसे हवी आहेत. आठवड्यातला तासभर देऊन फोन करणारी, फोन न उचलणाऱ्याच्या घरी जाऊन येणारी, थकलेल्या माणसाला गाडीवरून तपासणीला आणून परत पोहोचवणारी. रुग्णाच्या आजाराची वाच्यता बाहेर करायची नाही, एवढी एकच अट आहे.

पैशांची गरज आहे ती मुख्यतः दोन उपकरणांसाठी: नवा स्लिट लॅम्प, म्हणजे प्रकाशाच्या बारीक झोतात डोळा मोठा करून दाखवणारे यंत्र, आणि डोळ्यातला दाब मोजणारा टोनोमीटर. दाब मोजल्याशिवाय आणि डोळ्याच्या मागची नस पाहिल्याशिवाय काचबिंदू हाती लागत नाही, आणि सध्याच्या यंत्राच्या आकड्यांवर येणाऱ्या डॉक्टरांचा भरवसा राहिलेला नाही. रक्कम कितीही लहान असली तरी पावती मिळेल. सगळा हिशोब वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल, मात्र देणगीदारांची नावे लावली जाणार नाहीत. डॉक्टरांना ते रुचले नसते.

नेत्रदानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण डॉक्टरांचे शेवटचे सांगणे हेच होते. त्यांचे डोळे त्यांच्या इच्छेप्रमाणे दान झाले. 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, त्याला आता शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी अजून लोक दचकतात. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला, मधुमेह किंवा रक्तदाब असला, तरी डोळे देता येतात. एड्स, कावीळ ब व क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत ते घेत नाहीत. चेहरा विद्रूप होत नाही. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. नेत्रपेढीला फोन केल्यावर पथक येईपर्यंत पापण्या मिटवाव्यात, त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवावी, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा.

अर्ज भरून तो कपाटात ठेवू नका. त्या वेळी निर्णय घरच्यांना घ्यायचा असतो, म्हणून आज जेवताना त्यांच्याशी बोला. अर्ज भरला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होऊ शकते, हेही त्यांना सांगून ठेवा.

आणखी एक विनंती. डॉक्टरांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढण्याचा विचार आहे. त्यांच्या हातून ज्यांचे डोळे वाचले, ज्यांना त्यांनी रागावून थेंब घालायला लावले, ज्यांच्याकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत, अशा सर्वांनी चार ओळी लिहून द्याव्यात. स्तुती नको, घडले तसे लिहा.

देणगी, नेत्रदानाचे अर्ज आणि आठवणी वाचनालयात रोज संध्याकाळी स्वीकारल्या जातील. स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यांनी येत्या गुरुवारी तपासणीच्या वेळीच यावे, म्हणजे काम पाहून ठरवता येईल. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी नुसता निरोप धाडावा, आमचा कार्यकर्ता घरी येऊन लिहून घेईल.

आपले,
वाचनालयाची कार्यकारिणी