तुझ्या प्रार्थनेबद्दल

प्रिय लेकी,

मंगळवारी रात्री भांडी पुसताना तू सांगितलंस की मैत्रिणीच्या आजारी आजीसाठी त्या दिवशी तू प्रार्थना केलीस. माझ्याकडे न बघताच सांगितलंस. मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि जंतू, औषधं, शरीराची प्रतिकारशक्ती यांवर वीस मिनिटं बोलत राहिलो. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण तू काही विचारलंच नव्हतंस. शेवटी एवढंच म्हणालीस, "बाबा, तुला जे वाटतं तेच मला वाटायला हवं का?" आणि झोपायला निघून गेलीस.

आज चौथा दिवस. तोंडाने सांगायला गेलो की माझं पुन्हा व्याख्यान होईल, म्हणून लिहितोय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, मुळीच नाही. मात्र हे उत्तर त्या रात्री माझ्या तोंडून का निघालं नाही, ते मला नीट सांगायचं आहे, कारण त्यात आपल्या घरातल्या शाळेचा दोष आहे आणि तो माझ्याकडून आलेला आहे.

तू सात वर्षांची असताना आम्ही तुला शाळेतून काढलं. कारण फार मोठं नव्हतं. सकाळी सावली लांब का असते, असं तू वर्गात विचारलंस. "ते पुढच्या वर्षी आहे" असं उत्तर मिळालं आणि घरी येऊन तू मलाही तेच सांगितलंस: "ते पुढच्या वर्षी आहे." तुझ्या आवाजात कुतूहल उरलंच नव्हतं. त्या दिवशी अंगणात काठी रोवून आपण दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवत बसलो. संध्याकाळी तुझी आई कामावरून आली तेव्हा खड्यांची वाकडी रांग तिला हात धरून दाखवलीस. तिथून पुढे आपली शाळा सुरू झाली असं मी मानतो.

धर्म शिकवायचा नाही असं आमचं ठरलेलं नव्हतं. धर्मांबद्दल शिकवायचं, पण एकाही धर्माच्या आत बसवून शिकवायचं नाही, असं ठरलं होतं. देवांच्या गोष्टी तू माझ्या मांडीवर बसून ऐकल्यास, लढायांच्याही ऐकल्यास. दर वेळी आपण एकच विचारत आलो: हे कुणी सांगितलं, आणि त्याला ते कसं कळलं?

ते विज्ञानाचं पुस्तक आठवतंय? घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी म्हणून मागवलेलं. चित्रं छान होती, प्रयोगही चांगले होते, आणि चौथ्या धड्यात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं दिलेलं होतं. मी चिडून ते फेकून द्यायला निघालो होतो. तू नऊ वर्षांची होतीस. म्हणालीस, "थांब, त्यांनी हे काढलं कसं?" घरी शिकवण्याच्या या सगळ्या वर्षांत मला लागलेला सगळ्यात चांगला आठवडा तो, आणि तो तुझ्यामुळे लागला.

आपण शोधलं. जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपांनी 1650 साली हिशेब मांडला होता: जगाची सुरुवात इ.स.पू. 4004, ऑक्टोबरची 23 तारीख. बायबलमधल्या वंशावळी, कोण किती वर्षं जगला, राजांच्या कारकिर्दी, शेजारच्या देशांचे इतिहास, हे सगळं त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिलं होतं. मी त्यांना हसणार होतो, तुला हसू आलं नाही. "किती काम केलंय रे त्यांनी," म्हणालीस. खरंच होतं. त्यांच्या हाती जो पुरावा होता, त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे मेहनत घेतली होती.

मग क्लेअर पॅटरसन, पृथ्वीचं वय मोजणारे अमेरिकन शास्त्रज्ञ. युरेनियम अत्यंत संथपणे शिशात बदलत जातं, म्हणून दगडातलं शिसं मोजलं तर त्याचं वय निघू शकतं. अॅरिझोनात पडलेल्या उल्केतलं शिसं मोजायला ते बसले, पण आकडा जुळेना, कारण प्रयोगशाळेच्या हवेत, धुळीत, कपड्यांवर, सगळीकडे शिसं होतं. कित्येक वर्षं त्यांनी निव्वळ स्वच्छतेवर घालवली. 1956 साली त्यांनी आकडा छापला: सुमारे 455 कोटी वर्षं, थोडं इकडे तिकडे. आणि हे सगळं शिसं आलं कुठून, याचा माग काढता काढता ते पेट्रोलपर्यंत पोहोचले. पुढे कितीतरी वर्षं पेट्रोलमधून शिसं काढावं म्हणून ते बलाढ्य कंपन्यांशी भांडले. हा भाग तू दोनदा सांगायला लावलास.

त्याच आठवड्यात आपण कागदाची पट्टी केली. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. साडेपंचेचाळीस मीटर भरली. घरात मावेना, म्हणून जिन्यावरून तीनदा खाली-वर नेली. डायनोसॉर संपले ती खूण शेवटच्या टोकापासून 66 सेंटिमीटरवर आली, तेव्हा तू पायरीवर बसकणच मारलीस. आपल्यासारखी माणसं शेवटच्या तीन मिलिमीटरांत. पेन्सिलीचं टोक तिथे टेकवून तू बराच वेळ गप्प होतीस. मग विचारलंस, "आणि अशर यांचं सगळं जग?" आपण भागाकार केला: 0.06 मिलिमीटर. पट्टीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. तू तो कागद डोळ्यांसमोर आडवा धरून त्याची कड बघत राहिलीस. ती पट्टी गुंडाळून अजून कपाटात ठेवली आहे.

हे सगळं मी का उगाळतोय? तेव्हा तू जे केलंस, ते मंगळवारी मला जमलं नाही म्हणून. "थांब, त्यांनी हे काढलं कसं?" या तुझ्या प्रश्नात समोरच्या माणसाला जागा होती. मी तुला साधं "तिथे काय झालं, बाळा?" असंही विचारलं नाही.

आता दोषाबद्दल. शाळेत बाईंचं म्हणणं पटलं नाही, तर मूल घरी येऊन कुरकुर करतं. घरचं पटलं नाही, तर शाळेत मित्राला सांगतं. दोन दारं असतात. तुला गणित मी शिकवतो, इतिहास मी, चुका मी काढतो, शाबासकीही मीच देतो, आणि रात्री पांघरूण घालायलाही मीच येतो. तुझं माझ्याशी पटलं नाही, तर तू कुणाकडे जाणार? मुलं इतर मुलांत मिसळतील का, हे लोक आम्हाला नेहमी विचारतात, आणि त्याचं उत्तर सोपं आहे, तुला मैत्रिणी भरपूर आहेत. खरी काळजी ही आहे, आणि ती मी फार उशिरा ओळखली.

काही देशांत घरी शिकवायला मुभाच नाही. जर्मनीतल्या काही धार्मिक पालकांनी त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली होती, 2006 साली ती फेटाळली गेली. वेगळ्या विचारांच्या लोकांत मुलांनी मिसळावं, समाजात समाजापासून तुटलेले गट तयार होऊ नयेत, हा राज्याचा हेतू न्यायालयाने रास्त मानला. सरसकट बंदी मला आजही पटत नाही. पण तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात आलं होतं की हे त्या श्रद्धाळू पालकांना लागू आहे, मला नाही. ते चूक होतं.

तो दर आठवड्याला प्रयोगांसाठी जमणारा पालकांचा गट तुझ्या लक्षात असेल. नाव नोंदवायला एक कागद होता, आमची अमुक गोष्टींवर श्रद्धा आहे असं त्यावर छापलेलं, खाली पालकांची सही. मी सही केली नाही. आपला भिंगांचा डबा छातीशी धरून तू दारापाशी उभी होतीस, आत मुलं फुगे फुगवत होती. परत येताना तू काही बोलली नाहीस. मला कितीतरी दिवस त्याचा राग होता, आणि लहान मुलीला प्रयोग करायला मिळण्यासाठी बापाच्या श्रद्धेची सही मागणं चूकच आहे, हे मी आजही म्हणेन. पण मंगळवारी रात्री मीही तुझ्यापुढे तसलाच कागद सरकवला. छापलेला नव्हता एवढंच.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतांबद्दल आपण बोललो आहोत, पण मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती. जन्म 1806. शाळेत कधीच गेले नाहीत. वडील जेम्स मिल यांनी घरी शिकवलं, तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. धार्मिक श्रद्धा त्यांनी सोडली असं झालं नाही, ती मुळात त्यांना दिलीच गेली नव्हती, आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मला हा माणूस इतका जवळचा का वाटायचा, ते आता तुला कळेल. आपल्यासारखंच घर!

उरलेली अर्धी अशी. विसाव्या वर्षी, 1826 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, त्यांनी स्वतःला विचारलं की ज्या सुधारणांसाठी आपण जगतोय त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर आपल्याला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. मग कित्येक महिने मन पार विझलेलं. वडिलांकडे जाण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं, कारण ज्या शिक्षणाने ते असे घडले होते, ते वडिलांचंच होतं. आपल्या योजना फसल्या असं वडिलांना वाटेल, त्यांना दुःख कशाला द्यायचं, असंही वाटलं. दुसरीकडे कुठे जावं, तेही सुचेना. पुढे एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आला आणि त्यांना रडू फुटलं. रडू येतंय म्हणजे आपण दगड झालेलो नाही, या जाणिवेने ते हळूहळू सावरू लागले.

वडिलांकडे जाण्यात अर्थ नाही, हे वाक्य मला गेले चार दिवस झोपू देत नाहीये. जेम्स मिल दुष्ट नव्हते. मुलासाठी त्यांनी रोजचे तासन् तास दिले. फक्त मुलाचं वेगळं काही निघालं, तर ते ऐकून घ्यायला त्या घरात जागा नव्हती.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 26 वं कलम मी वादात अनेकदा पुढे केलं आहे: मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं, ते निवडण्याचा पहिला हक्क आईवडिलांचा. 1989 च्या बालहक्क करारातलं 14 वं कलम मात्र मी फारसं काढत नसे. विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलाचं स्वतःचं आहे, आणि मूल जसजसं समजतं होत जाईल, तसतसं ते ध्यानात घेऊन आईवडिलांनी मार्गदर्शन करावं, असा त्याचा आशय आहे. तू आता तेरा वर्षांची आहेस. 26 व्याने माझ्या हाती जे दिलं, ते 14 व्याप्रमाणे थोडं थोडं तुझ्या हाती द्यायची वेळ झाली आहे.

माझं मत बदललेलं नाही, ते लपवणारही नाही. प्रार्थनेने आजार हटतो असं मला वाटत नाही. आजीचं औषध वेळेवर जायला हवं, यावर आपलं दोघांचं एकमत आहे, हे मला माहीत आहे. पण काल तुझी आई म्हणाली की तू तिथे मैत्रिणीचा हात धरून बसली होतीस, ती रडायची थांबेपर्यंत. ते शब्द कुणाला उद्देशून होते, याचा विचार तेव्हा तू केलाही नसशील. की केला होतास? केला असशील, तर मला ऐकायचं आहे. मध्ये बोलणार नाही. तू म्हणालीस की तुला तिथे कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, तर "कसं वाटलं?" एवढंच विचारेन, आणि ते तुला खोटं पाडण्यासाठी विचारणार नाही.

मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्यानं देणारे शास्त्रज्ञ फॅरडे आठव. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुरालाच काडी लावायची, आणि ज्योत त्या धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते, तो प्रयोग तू किती वेळा केलास! ते फॅरडे आयुष्यभर एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान सभासद होते. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. विसरलो असं म्हणणं खोटं होईल. मला ते सोयीचं नव्हतं.

तुला दुसरं दार असावं म्हणून दोन गोष्टी मनात आहेत. इतिहास पुढच्या महिन्यापासून तू दुसऱ्या कुणाकडे शिकावंस, ज्याचे विचार माझ्यासारखे नाहीत अशा कुणाकडे. आणि शाळेत जाऊन बघावंसं वाटलं, तर तेही मोकळेपणाने सांग. त्याचं मला वाईट वाटेल, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

आजीला परवा घरी आणणार आहेत, असं आईकडून कळलं. तू भेटायला जाशीलच. मला सोबत नेशील का? तुम्ही दोघी प्रार्थनेला बसलात, तर मी शेजारी गप्प बसेन.

तुझा,
बाबा