कॅन्यनच्या रस्त्यावर विलंबित ख्याल लावा

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॅन्यनच्या रोड ट्रिपवर लेख आला होता, रस्ते, मुक्काम, भाड्याची गाडी सगळं नीट दिलंय पण शेवटी गाडीत ऐकायला म्हणून सगळी धडाधड बीटवाली गाणी सुचवली आहेत, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं आणि मुलगी-जावई असे चौघं फिनिक्सहून निघून ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, मोआब, मग युटाचा हायवे 12, ब्राइस, झायन असा आठ दिवसांचा फेरा करून आलो, त्यामुळे जे सांगतोय ते स्वतः ऐकून सांगतोय.

पहिली संध्याकाळ सोडली तर सुरुवातीला जावयाच्या फोनवरची फास्ट गाणीच सुरू होती. मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना लांबवर लाल दगडाचे प्रचंड बुरूज दिसायला लागतात, गाडी ताशी शंभरने पळून राहिली होती आणि ते बुरूज काही जवळ येत नव्हते, अर्धा तास झाला तरी तिथेच, तेवढ्यात तीन-तीन मिनिटांची आठ-दहा गाणी होऊन गेली आणि एकाचाही त्या समोरच्या देखाव्याशी काही संबंध लागेना. मग मुलीने आपणहून एक बडा ख्याल लावला, म्हणजे विलंबित, अगदी संथ लयीत सावकाश फुलणारं शास्त्रीय गाणं. एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, संपायला मिनिटभर लागतं, गायक एकेका सुरावर थांबतो, पुढच्या सुराकडे जायची त्याला काही घाई नसते, आणि तो निषादापर्यंत, म्हणजे सप्तकातल्या शेवटच्या सुरापर्यंत, पोचतो तेव्हा कुठे त्या बुरुजाची एक बाजू उजळलेली दिसते. त्या मुलखाची लय विलंबितच आहे हो. पुढचा अख्खा प्रवास आम्ही तसाच केला, जो प्रहर असेल तो राग.

एक गोष्ट मात्र लेखात हवीच होती, या भागात तासन्तास मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे जे ऐकायचंय ते घरूनच डाउनलोड करून न्या.

पहाटे मॉन्युमेंट व्हॅलीत ललत ऐकला. ही जमीन नवाहो लोकांची आहे, तिथल्या एका स्टॉलवर एक म्हातारबाबा लाकडी बासरी वाजवत होते. आमची सौ. गाणं शिकलेली, ती डोळे मिटून बोटांवर मोजत उभी राहिली, सा ग म प नि, ग आणि नी कोमल, आणि मला हळूच म्हणाली, अहो, हा तर आपला धानी राग! त्या बासरीला पाच किंवा सहा भोकं असतात आणि तिची नेहमीची सुरावट हीच पाच सुरांची, हे नंतर वाचून कळलं. आर. कार्लोस नकाई हे नवाहो-यूट वंशाचे बासरीवादक, त्यांचं वादन त्या रस्त्यावर जरूर ऐका, ख्यालाच्या शेजारी अजिबात परकं वाटत नाही.

हायवे 12 सुमारे दोनशे किलोमीटरचा आहे. दुपारी त्यावर वृंदावनी सारंग लावला होता, पण बोल्डर ते एस्कलान्टीच्या मधे हॉगबॅक म्हणून एक पट्टा आहे, अरुंद डोंगरधार, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, तिथे आम्ही गाणं बंद केलं. चालवणाऱ्याचं सगळं लक्ष रस्त्यावर पाहिजे हे तर आहेच, पण काच खाली केल्यावर जो नुसता वारा ऐकू येतो तोही ऐकायलाच पाहिजे.

आणि संध्याकाळचा राग मारवा. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाने डेझर्ट व्ह्यूचा रस्ता जातो, पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिकडे निघालो होतो आणि त्या ट्रिपमधलं पहिलं शास्त्रीय गाणं तेच, माझ्या हट्टाने लावलेलं, आपल्या नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांचा मारवा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाहीच, आणि षड्ज, म्हणजे सा, इतका टाळलेला की जीव टांगणीला लागतो. लिपन पॉइंटला उन्हं कलली होती, सावली दरीतून वर चढत होती, दीड किलोमीटरहून खोल दरी, वरचे थर अजून केशरी आणि खाली नदीपाशी काळोख. समोर जो सुळका दिसतो त्याचं नाव विष्णू टेंपल, क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात दिलेलं, आणि दरीच्या तळाशी सुमारे 175 कोटी वर्षं जुना जो खडक आहे त्यालाही विष्णू शिस्ट म्हणतात. गाडीतून उतरायच्या आधी आवाज बंद केला, पॉइंटवर स्पीकर कोणीच लावू नये, पण तो न आलेला षड्ज कानात होता आणि सूर्य टेकला तेव्हा बायकोने अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल इतका, सा लावला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

अमेरिकेचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, म्हणून एक विनंती, एका रविवारी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या पाताळकोटवर पान काढा. घोड्याच्या नालेसारखी खोल दरी, आत भारिया आणि गोंड लोकांची गावं, आणि नागपूरहून एका दिवसात पोचता येतं. छिंदवाडा सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर, तिथून पाताळकोटजवळचं तामिया अजून पन्नास-साठ. नोव्हेंबरात जायचं तर सकाळी दहाच्या आत निघा, सावनेर मागे पडलं की सारंग लावा, सिल्लेवानी घाटात बंद ठेवा, आणि छिंदवाडा सोडलं की भीमपलास सुरू करा, तामियाला पोचेपर्यंत मारव्याची वेळ होते.

आपला,
एक नियमित वाचक, धरमपेठ, नागपूर