दुधाची बाटली

बार्शी, रविवार

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला, गोड बातमी ऐकून आईच्या डोळ्यांना धार लागली आणि मी चपला घालून दुकानात निघून गेलो. काउंटरवर बसलो, पण डोळ्यांपुढे सारखी तुझी लहानपणची दुधाची बाटली येत होती. काचेसारखी स्वच्छ आणि पडली तरी फुटायची नाही, म्हणून मी ती मुद्दाम सोलापूरहून आणली होती. रोज पहाटे स्टोव्हवर पातेलं ठेवून मी ती खळखळ उकळायचो. काही महिन्यांत तिची चकाकी गेली, आतून धुरकट झाली. तरी मी उकळतच राहिलो, कारण जंतूंची भीती होती आणि ती खोटी नव्हती.

ती बाटली पॉलिकार्बोनेटची होती. हे प्लास्टिक बिस्फेनॉल-ए नावाच्या रसायनापासून बनतं. ते तापलं, घासलं गेलं, जुनं झालं की त्या रसायनाचा अंश सुटून दुधापाण्यात उतरतो, आणि शरीरात तो इस्ट्रोजेनची, म्हणजे बायकांच्या संप्रेरकाची (हार्मोनची), थोडीफार नक्कल करतो. आपल्याकडे मुलांच्या बाटल्यांत ते वापरायला मनाई झाली 2015 मध्ये. तू तेव्हा कॉलेजात होतीस.

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तू ठणठणीत वाढलीस. पण तीस वर्षं औषधं विकणाऱ्या बापाने आता तरी तुझ्याशी या विषयावर नीट बोलायला हवं.

बिस्फेनॉल-एला ही नक्कल करण्याची खोड आहे हे कसं कळलं, ते सांगतो. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ इस्ट्रोजेनसारखं काम करणारं स्वस्त औषध शोधत होते. 1936 मध्ये त्यांनी बिस्फेनॉल-ए तपासलं, तेव्हाच त्याचा हा गुण दिसला होता. पण 1938 मध्ये त्यांच्या हाती त्याहून कितीतरी जोरकस असं डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन लागलं आणि बिस्फेनॉल मागे पडलं. पुढे त्याचं प्लास्टिक झालं. आणि डीईएस? गर्भ पडू नये म्हणून अमेरिकेत ते लाखो गर्भवतींना दिलं गेलं. 1953 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी रीतसर चाचणी करून दाखवलं की त्याचा काही उपयोग होत नाही, तरी ते चालूच राहिलं. 1971 मध्ये बॉस्टनच्या डॉ. आर्थर हर्बस्ट यांनी योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी, या मुली पोटात असताना, डीईएस घेतलं होतं. गोळी आईने घेतली आणि दुखणं लेकीला पंधरा-वीस वर्षांनी झालं. मुक्ता, हे वाचल्यापासून मी कुठल्याच गर्भवतीच्या हातात कुठलीच गोळी चिठ्ठीशिवाय दिलेली नाही.

डीईएस औषध होतं, त्याचा डोस मोठा होता. शाम्पूतला किंवा डब्यातला अशा रसायनांचा अंश त्यापुढे नगण्य, हे मला कळतं. पण संप्रेरकं म्हणजे शरीरातले निरोपे, त्यांचं काम मुळात अगदी सूक्ष्म मात्रेत चालतं, आणि त्यात वेळेला महत्त्व असतं. तुझा तिसरा महिना चालू आहे. बाळाचे अवयव आत्ता घडतायत. नेमक्या याच काळात खोटा निरोप पोचू नये, एवढीच माझी धडपड. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची चालण्याजोगी मात्रा आधीच्या वीस हजाराव्या हिश्श्यावर आणली. सगळ्या संस्थांना ते पटलेलं नाही. तरी ज्या गोष्टीवाचून आपलं काही अडत नाही, ती सोडायला सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कशाला थांबायचं?

पहिली गोष्ट म्हणजे वास. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द असतो, आणि त्याआड कितीही रसायनं मावतात. वास टिकून राहावा म्हणून त्यात पुष्कळदा थॅलेट नावाच्या गटातलं रसायन घालतात. या गटातली काही रसायनं शरीरातल्या पुरुषी संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय. तुझा तो बॉडी मिस्ट, कपड्यांचं सुगंधी कंडिशनर, गाडीत अमोलरावांनी टांगलेलं ते झाड, सगळं बाजूला ठेव. ‘हर्बल’ लिहिलेल्या बाटलीवरही जाऊ नकोस, त्यातही वास तोच असू शकतो. साधा बिनवासाचा साबण पुरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसान आणि आणखी अठरा जंतुनाशक द्रव्यं हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबणापाण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

दुसरी गोष्ट माझ्याच काउंटरवरची. गुळगुळीत कागदाच्या बिलावर नखाने रेघ ओढली की काळी उमटते, ते बघ. तिथे शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो, आणि त्या थरात बऱ्याचदा बिस्फेनॉल असतं. सॅनिटायझर लावून लगेच असं बिल धरलं तर ते कातडीतून जास्त शोषलं जातं. तू पर्समध्ये महिनोन्‌महिने बिलं साठवतेस. फोटो काढ आणि टाकून दे. मीही आता बिल फाडलं की जेवणाआधी हात धुतो.

गरम वरणभात प्लास्टिकच्या डब्यात भरू नकोस, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. ‘बीपीए-फ्री’ म्हणजे बिस्फेनॉल-ए नसलेलं, पण त्या शिक्क्यावर विसंबू नकोस, कित्येकदा त्या जागी त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल-एस असतो. आणि डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. माझ्या पत्रामुळे त्यांचं काही बंद करशील तर मला ते चालणार नाही.

यात एक गोष्ट मला फार दिलासा देते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास भागात शंभर शाळकरी मुलींना तीन दिवस वेगळे साबण, शाम्पू, मेकअप दिले होते, ही रसायनं नसलेले. तीनच दिवसांत लघवीतलं मिथिलपॅराबेन (शाम्पू-क्रीम टिकावं म्हणून घालतात ते) 44 टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान 36 टक्क्यांनी उतरलं. ही रसायनं शरीरात ठाण मांडून बसत नाहीत. रोज आत जातात म्हणून रोज सापडतात. तेव्हा आजवर काय वापरलंस याचा घोर लावून घेऊ नकोस.

शनिवारी शेजारचे काका ठाण्याला येतायत. त्यांच्याबरोबर तीन स्टीलचे डबे पाठवतोय, आणि आईने लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत भरलंय. बाळाला अंगावरचं दूध मिळेलच. बाटली लागलीच तर ती आणायचं काम माझं, स्टीलची आणीन. उकळायलाही मीच येईन.

तुझे,
बाबा