अध्यक्षांना पत्र: वरच्या बाथरूमचे सिलिकॉन आणि आमचे छत

मा. अध्यक्ष महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या बाथरूमच्या छतातून झिरपणाऱ्या पाण्याबाबतचे माझे आधीचे अर्ज समितीच्या फायलीत असतीलच, म्हणून तो सगळा इतिहास मी येथे उगाळत नाही. वरच्या सदनिकेतील सभासद ‘पुन्हा एकदा सिलिकॉन (सांधे बुजवायचा रबरासारखा मसाला) मारून घेणार’ आहेत आणि समितीने तेवढ्यावर समाधान मानले आहे, असे सचिवांकडून कळले, आणि गप्प राहणे मला अशक्य झाले.

गेल्या खेपेस आपणच मला सचिवांसोबत पाहणीसाठी वर पाठवले होते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी मी नखाने उचलली, तर ती सबंध हातात आली. खालच्या अंगाला काळी बुरशी होती आणि तिच्याखाली आधीच्या सिलिकॉनचा थर तसाच चकाकत होता. सुकून घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. जुने पात्याने खरवडून, उरलेला तेलकट अंश रसायनाने पुसून आणि सांधा पूर्ण कोरडा करूनच नवे भरावे लागते. ओल्या कोपऱ्यावर आणखी एक थर चढवणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे होय, आणि समिती त्या पट्टीलाच दुरुस्ती म्हणत आली आहे.

शिवाय ते सिलिकॉन कोणते होते, हे आपल्यालाही आठवत असेल, कारण त्या दिवशी जिनाभर व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला होता. तो ॲसिटॉक्सी जातीच्या सिलिकॉनचा वास. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. काचेवर आणि चकचकीत टाइलवर ते चांगले बसते, परंतु संगमरवर आणि सिमेंट यांच्याशी त्याचे जमत नाही. या बाथरूमच्या दारात संगमरवरी पट्टी आहे आणि बाहेर पाणी तिथूनच येते. तेथे दगडासाठी चालणारे, आम्ल न सोडणारे न्यूट्रल सिलिकॉन हवे होते, आणि न्हाणीच्या कोपऱ्यांत बुरशीरोधक सॅनिटरी प्रकारचे. सिलिकॉनच्या नळीवर हे सर्व छापलेले असते. ते वाचायला अभियंता व्हावे लागत नाही. भरल्यावर सिलिकॉन दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंतच सुकून घट्ट होते, पण या घरात त्याच संध्याकाळी शॉवर सुरू झाला होता, याला आमचे छत साक्षी आहे.

खरा दोष मात्र टाइलखाली आहे. जुन्या टाइलवरच मोठ्या व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल बसवल्या, तेव्हाच मी लेखी हरकत घेतली होती. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साधा सिमेंटचा माल तिला धरायला कचरतो. पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा खास माल, लागते. आयएसओ १३००७ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा सिमेंटयुक्त ॲडहेसिव्हचे सी१ आणि सी२ असे वर्ग आहेत, आणि सी२ ची पकड सी१ च्या दुप्पट, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर किमान १ न्यूटन असावी लागते. जुन्या गुळगुळीत टाइलवर लावायचे तर सी२ शिवाय विचारच करू नये आणि पिशवीवर ‘टाइलवर टाइल’ चालते असा स्पष्ट उल्लेख पाहावा. येथे जिन्यात रिकाम्या पडलेल्या पिशव्या सी१ च्या होत्या. (त्या पिशव्या आणि राडारोडा कित्येक दिवस तिथेच होता, हा वेगळा अर्ज.)

बरे, माल लावला तोही चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक गोळा ठेवून. दात्यांच्या थापीने सलग पसरून ओल्या जागी किमान ९५ टक्के पृष्ठभाग भरला पाहिजे, नाहीतर मधल्या पोकळीत पाणी साठते. त्या टाइल बोटाच्या पेराने वाजवल्या तर निम्म्या पोकळ बोलतात; सचिवांनीही ते ऐकले आहे, अहवालात मात्र लिहिले नाही. आणि उत्तम ॲडहेसिव्ह व सिलिकॉन वापरले तरी ते वॉटरप्रूफिंगची जागा घेत नाहीत. टाइलच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी उतरतेच. त्याला अडवायचे काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे, आणि तो लेप नवा केलाच नाही.

अंतर्गत बदलांपूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असे आपली नियमावली सांगते. सभासदांनी तक्रार प्रथम आपसात मिटवावी असेही तीत आहे, परंतु ते कलम समजूतदार शेजाऱ्यांसाठी असावे. आमच्या मजल्यावरील सर्वांचे मत माझ्यासारखेच आहे. त्यांना केवळ लिहायला वेळ नाही.

तरी नुसत्या नव्या सिलिकॉनला परवानगी देऊ नये. पोकळ टाइल काढून, वॉटरप्रूफिंग करून, नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड) बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवण्याची चाचणी घ्यावी आणि तिचा परिणाम माझ्या छताखाली माझ्या उपस्थितीत पाहावा. त्यानंतरच सी२ ॲडहेसिव्हने टाइल बसवाव्यात, भिंत-फरशीच्या सांध्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरावे, आणि पिशवी व नळी यांची छायाचित्रे सूचना फलकावर लावावीत. माझ्या छताच्या गिलाव्याचा व रंगाचा खर्च कोणी द्यायचा, हे मी मुद्दाम लिहीत नाही. समितीला ते कळते.

उत्तर लेखी मिळावे. जिन्यात भेटल्यावर दिलेले आश्वासन मी यापुढे उत्तर धरणार नाही.

कळावे,
आपला,
खालच्या मजल्यावरील सभासद

प्रत: सचिव, आणि वरच्या मजल्यावरील सभासद (माहितीसाठी)