पेनिसिलीनचा कारखाना बुरशीवर चालतो

मा. संपादक,

पेनिसिलीन-जी हा प्रतिजैविकांचा (जिवाणूनाशक औषधांचा) कच्चा माल पुन्हा देशात बनवण्याविषयीच्या बातम्यांत अनुदानाचे आणि गुंतवणुकीचे आकडे असतात. ज्या बुरशीवर सगळे उभे आहे तिचा उल्लेख नसतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून हे औषध बनत होते. निदान महाराष्ट्रात तरी चर्चा बुरशी वाढवण्याच्या टाकीच्या आतपर्यंत जायला हवी.

फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेली बुरशी लिटरमागे जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम पेनिसिलीन देई. १९४३ मध्ये अमेरिकेत पिओरिया येथे खरबुजावर मिळालेले वाण क्ष-किरण, अतिनील किरणांनी बदलत आणि निवडत आज हे उत्पादन लिटरमागे ४०-५० ग्रॅमपर्यंत गेले आहे. पण असे वाण टिकवणे कठीण. एका नळीतून दुसरीत कल्चर (जिवंत बुरशी) वारंवार वाढवत राहिले, तर पेनिसिलीन बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती गळतात. बुरशी जोमाने वाढते, औषध मात्र घटते. म्हणून मूळ साठा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून प्रत्येक बॅच नव्या कुपीपासून सुरू करावी लागते.

फर्मेंटरमध्ये, म्हणजे या टाकीत, तापमान २५ अंश, पीएच (आम्लतेचे माप) ६.५ च्या आसपास, बॅच सहा-सात दिवसांची. ग्लुकोज एकदम दिले की बुरशी नुसतीच फोफावते. ते हळूहळू सोडायचे. पेनिसिलीन-जीच्या रेणूचा एक भाग पुरवणारे फेनिलॲसेटिक आम्लही तसेच, कारण जास्त झाले तर ते बुरशीलाच विषारी. खरी धास्ती जिवाणू शिरण्याची. बीटा-लॅक्टमेज हे पेनिसिलीन तोडणारे विकर तयार करणारा बॅसिलस जिवाणू आत गेला, तर तयार झालेले पेनिसिलीनही काही तासांत तुटते. तो येतो झडपेच्या झिजलेल्या गॅस्केटमधून, थंड पाण्याच्या वेटोळ्याला पडलेल्या सुईएवढ्या छिद्रातून किंवा ओल्या झालेल्या हवेच्या फिल्टरमधून. फेस वर चढून बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर भिजवतो, आणि फेसनाशक जास्त घातले तर प्राणवायू विरघळणे मंदावते. हे प्रमाण हाताला बसावे लागते.

पुढे गाळलेला द्रव पीएच २ ते २.५ वर आणून पेनिसिलीन ब्यूटिल ॲसिटेट या द्रावकात ओढतात. आम्लात ते टिकत नसल्याने हे थंडीत आणि झटपट उरकतात.

पिंपरीने केवळ पेनिसिलीन दिले नाही. बुरशीच्या संसर्गावरचे हॅमायसीन तिथेच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून शोधले गेले. म्हणून सरकारने अनुदानातला काही वाटा पुण्याच्या राष्ट्रीय औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाला आणि विद्यापीठांत किमान १०० लिटरचे फर्मेंटर बसवायला द्यावा. विद्यार्थ्यांचे शिक्षण फ्लास्कवर थांबले, तर फेस, हवा आणि वाफेचे सांधे त्यांना कधी भेटतच नाहीत.

– औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, पुणे